मुखत्वचोपचार

मुखत्वचोपचार : चेहऱ्याच्या त्वचेची स्वच्छता, स्निग्धता, वर्ण व पोत यांत इष्ट बदल व्हावा म्हणून दुसऱ्या जाणकार व्यक्तीकडून, बहुधा मोबदला देऊन, करवून घेतलेले उपचार. घरच्या घरी लावलेल्या उटण्याहून हे उपचार वेगळे मानावे लागतात. कारण त्यांत उपचार करणाऱ्याचे हात, त्याची अवजारे आणि त्वचेविषयीची त्याची समजूत यांना महत्त्व असते. एखादे द्रव्य त्वचेत किती खोल पोहोचते, या एका प्रश्नावर उपचाराचे फळ, त्याचा टिकाऊपणा व त्यातील धोका या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा टेकड्यांच्या परिसरात, वरवर राहणारे लेप व खोलवर जाणारे गोंदण या दोन्ही परंपरा एकाच समाजात नांदत आल्या आहेत. म्हणून पुढील विवेचनात या परिसराचा विशेष विचार केला आहे.

प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सु. १·५ ते २ चौ. मी. भरते. तिचे बाह्यत्वचा व अंतस्त्वचा असे दोन प्रमुख थर असून त्यांखाली वसामय ऊतकाचा थर असतो. बाह्यत्वचा अतिशय पातळ असते; पापणीवर तिची जाडी सु. ०·०५ मिमी., तर तळपायावर सु. १·५ मिमी. असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिच्या तळाच्या स्तरात नव्या कोशिका सतत तयार होतात, वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी मृत होऊन शृंगस्तरात सामील होतात. या प्रवासाला सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. चेहऱ्यावरचा शृंगस्तर मिलीमीटरच्या सु. शंभराव्या हिश्श्याइतका जाड असतो. आपण ज्याला चेहरा म्हणून पाहतो व स्पर्श करतो तो हा मृत कोशिकांचा पडदाच होय. बाहेरच्या द्रव्यांना तो आत येऊ देत नाही आणि शरीरातील पाण्याला बाहेर जाऊ देत नाही. तळच्या स्तरात मेलॅनीन हे कृष्णरंजक बनविणाऱ्या कोशिकाही असतात. गोऱ्या व काळ्या माणसांत त्यांची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो रंजककणांच्या आकारमानात व वाटणीत. अंतस्त्वचा ही मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची बनलेली असून रक्तवाहिन्या, तंत्रिका, केशपुटके, स्वेदग्रंथी व त्वक्‌स्नेह ग्रंथी तिच्यात असतात. त्वक्‌स्नेह ग्रंथी चेहरा व डोके येथे सर्वांत दाट असतात, म्हणून मुरुमे तेथे अधिक येतात. चेहऱ्याचे स्नायू थेट त्वचेला जोडलेले असतात. हसण्या-रडण्याच्या खुणा कालांतराने सुरकुत्या होऊन राहतात त्या यामुळे.

त्वचा एकपदरी नाही हे भारतीय वैद्यांना फार पूर्वी ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत तापलेल्या दुधावर साय धरावी तशी गर्भावर त्वचा धरते असे म्हटले असून तिचे अवभासिनी, लोहिता, श्वेता, ताम्रा, वेदिनी, रोहिणी व मांसधरा असे सात थर सांगितले आहेत. चरकसंहितेत सहा थर मानले आहेत. सुश्रुताने प्रत्येक थराची जाडी साळीच्या दाण्याच्या मापाने दिली आहे : सर्वांत वरची अवभासिनी दाण्याच्या अठराव्या हिश्श्याइतकी, तर सर्वांत खालची मांसधरा दोन दाण्यांइतकी. ही मापे सूक्ष्मदर्शकाशी पडताळून पाहण्यात फारसा अर्थ नाही. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, प्रत्येक थर त्याने ठरावीक विकारांचे अधिष्ठान मानला. चेहऱ्यावरील वांग दुसऱ्या थरात, तर कुष्ठ चौथ्या व पाचव्या थरांत, अशी ही वाटणी आहे. रोग किती खोल आहे त्यावर उपचार ठरतो, हे तत्त्व त्यात स्पष्ट दिसते. आजचा त्वचारोगतज्ञही वांग बाह्यत्वचेतील आहे की अंतस्त्वचेतील, हे आधी पाहतो. पहिला उपचारांना बराच दाद देतो, दुसरा फार थोडा.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात मुखलेपाचा स्वतंत्र विचार आढळतो. लेप दोष घालविणारा, विष घालविणारा व वर्ण उजळणारा असा तीन प्रकारचा सांगितला असून त्याची जाडी पाव, एकतृतीयांश किंवा अर्धा अंगुळ असावी, असा दंडक आहे. सहा ऋतूंसाठी सहा पाठ दिले आहेत. हेमंतात बोराचा मगज, अडुळशाची मुळी, लोध्र व पांढरी मोहरी, तर ग्रीष्मात कमळे, दूर्वा, ज्येष्ठमध व चंदन यांचा लेप सांगितला आहे. लेप वाळला की तो त्वचेची कांती बिघडवितो, म्हणून तो ओला करूनच काढावा व नंतर तेल लावावे, हा त्यातील नियम विशेष महत्त्वाचा होय. लेप असताना बोलू नये, रागावू नये, उन्हात किंवा विस्तवाजवळ बसू नये, असेही बजावले आहे. त्वचेचा मऊपणा तेलापेक्षा शृंगस्तरातील पाण्यावर अवलंबून असतो, हे अर्व्हिन ब्लँक या अमेरिकन संशोधकाने १९५२ मध्ये प्रयोगाने दाखविले. वाग्भटाचा नियम त्याच्याशी जुळतो : आधी पाणी, मग ते अडवून धरणारे तेल.

असे उपचार करणाऱ्या व्यक्तींचा वेगळा वर्गही प्राचीन काळी होता. विराटाच्या राणीकडे द्रौपदी सैरंध्री म्हणून राहिली; केशरचना करणे व अंगराग वाटणे ही सैरंध्रीची कामे होत. कामसूत्रातील चौसष्ट कलांत अंग रगडणे, चेपणे व केस चोळणे यांतील कौशल्याचा समावेश आहे. वाकाटककालीन अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात हाती आरसा घेतलेली स्त्री व तिच्या सभोवतीच्या प्रसाधन करणाऱ्या दासी चित्रित केल्या आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथात राजाचे तैलमर्दन, उटणे व स्नान यांचे तपशील येतात. हे सर्व उपचार राजवाड्यातील होत. गावगाड्यात हे काम न्हाव्याकडे होते. बारा बलुतेदारांपैकी एक असलेला न्हावी श्मश्रू करी, नखे काढी, डोक्याला व अंगाला तेल चोळी. जखमा व गळवे यांवर किरकोळ शस्त्रक्रियाही अनेक ठिकाणी तोच करी.

दरेकसा हे सालेकसा तालुक्यातील गाव असून याच नावाच्या टेकड्या छत्तीसगढच्या सीमेलगत पसरल्या आहेत. हा भाग पूर्वी मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. नागपूरहून छत्तीसगढकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात या टेकड्यांतून काढण्यात आला. जवळच हाजरा धबधबा व कचारगढच्या गुहा आहेत. कचारगढ हे गोंडांचे पवित्र स्थान असून माघ पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. भाताची शेती व जंगल यांवर जगणाऱ्या या प्रदेशात प्रसाधनाची द्रव्येही जंगलातूनच येतात. मोहाच्या बियांचे तेल थंडीत थिजते. ते खाण्यासाठी, दिव्यासाठी व अंगाला लावण्यासाठी वापरले जाते. चार या वृक्षाच्या फळातील चारोळीत निम्म्याच्या आसपास तेल असते. दुधात वाटलेली चारोळी चेहऱ्याला लावण्याची चाल महाराष्ट्रात अन्यत्रही आहे, पण तेथे ती वाण्याच्या दुकानातून मोजून-मापून येते आणि येथे उन्हाळ्यात रानातून टोपलीने. लग्नात हळद व तेल लावले जाते ते निराळेच. ही सर्व द्रव्ये शृंगस्तरावरच काम करतात. त्यांतील तेल पाण्याला अडवून धरते, वाटलेल्या बियांचे कण सुटू पाहणाऱ्या मृत कोशिका निघून जाण्यास मदत करतात, आणि हळदीचा पिवळा रंग कोशिका झडतात तसा काही दिवसांत नाहीसा होतो.

गोंदणाची गोष्ट नेमकी उलट आहे. गोंड व त्यांच्या शेजारच्या अनेक जातींतील स्त्रिया कपाळ, हनुवटी, हात व पाय यांवर गोंदवून घेत. हे काम घरची स्त्री करीत नसे. त्यासाठी ठरलेली गोंदणारी येई. रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात (१९१६) गोंडांच्या ओझा या शाखेतील स्त्रिया गोंदण्यात निपुण असल्याची नोंद आहे. सुयांचा जुडगा व दिव्याची काजळी एवढ्यावर हे काम चाले. नंतर जागा धुऊन हळद व तेल लावीत. सुई वरवर टोचली तर काजळी बाह्यत्वचेत राहते व खपलीबरोबर काही आठवड्यांत निघून जाते. फार खोल गेली तर रक्त येते, रंग पसरतो व जखम चिघळते. रंग अंतस्त्वचेच्या वरच्या भागातच पडला पाहिजे, हे मिलीमीटर-दीड मिलीमीटरचे अंतर गोंदणारीच्या हाताला कळत होते. पुस्तकी शारीराशी तिचा संबंध नव्हता. तरीही चेहऱ्याच्या त्वचेवर काम करणाऱ्या आपल्याकडील सर्व व्यावसायिकांत त्वचेच्या थरांचे सर्वांत अचूक ज्ञान तिला होते, असे म्हणावयास हरकत नाही. मेल्यानंतरही बरोबर येणारा दागिना तो हाच, अशी गोंदणाविषयीची समजूत आहे. अंतस्त्वचेतील भक्षक कोशिका काजळीचे कण गिळून बसतात व अशी एखादी कोशिका मेली की तिच्यातील कण शेजारची नवी कोशिका उचलते, असे फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखविले. आयुष्यभर टिकणाऱ्या गोंदणाचे रहस्य असे कोशिकांच्या या हस्तांतरात आहे.

याहून खोल जाणाऱ्या कौशल्याचे एक उदाहरण पुण्याजवळचे आहे. इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपू सुलतानाच्या कैदेत असताना कापले गेले होते. सु. १७९३ मध्ये एका देशी कारागिराने त्याच्या कपाळाच्या त्वचेतून नवे नाक घडविले. आधी मेणाचा नमुना करून तो कपाळावर सपाट पसरला, त्याबरहुकूम त्वचा सोडविली, आणि भुवयांमधला एक अरुंद पट्टा मात्र जोडलेला ठेवून ती खाली वळवून बसविली. हा पट्टा ठेवला नसता तर रक्तपुरवठा तुटून त्वचा मेली असती. टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या इंग्रज वैद्यांनी हे पाहिले. त्याचा वृत्तांत लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो वाचून जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. आधुनिक सुघटन शस्त्रक्रियेच्या इतिहासात पुण्याचे नाव येते ते असे.

यूरोपात या सुमारास चेहऱ्याची मलमे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गेलेनच्या मेण-तेल-पाणी यांच्या मिश्रणापासून फारशी पुढे गेलेली नव्हती. हँबर्ग येथील त्वचावैद्य पाउल गेर्सोन उन्ना याने १८८२ मध्ये सॅलिसिलिक अम्ल, फिनॉल इत्यादींनी त्वचेचा वरचा थर सोलण्याचे वर्णन केले. वैद्यकाबाहेर, हेलेना रुबिनस्टाइनने विसाव्या शतकाच्या आरंभी मेलबर्न येथे व एलिझाबेथ आर्डेनने १९१० मध्ये न्यूयॉर्क येथे सौंदर्यगृहे काढली. स्वच्छता, मर्दन, वाफ व लेप हा आज फेशियल या नावाने रूढ असलेला क्रम अशाच सौंदर्यगृहांतून स्थिर झाला. भारतात त्याआधी आले ते मलम. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये अफगाण स्नो बाजारात आणला. स्टिअरिक अम्लाचे अल्कलीने अंशतः साबणीकरण करून केलेले हे पायस त्वचेत जिरल्यासारखे वाटते व पांढुरकी छटा मागे ठेवते. स्नो-पावडर हा जोडशब्द मराठी घरांत शिरला तो या काळात. टाटा ऑइल मिल्सने १९५२ मध्ये फ्रेंच साहाय्याने लॅक्मे ही कंपनी मुंबईत स्थापन केली. तिचे पहिले सौंदर्यगृह १९८० मध्ये निघाले.

केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्येच मुंबईत स्थापिलेल्या विको या संस्थेने पुढे हळदीचे मलम काढले. हे मलम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदीय औषध, यावर अबकारी खात्याशी तिचा वाद अनेक वर्षे न्यायालयांत चालला व सर्वोच्च न्यायालयाने ते औषध असल्याचे मानले. कराच्या दरापुरता वाटणारा हा वाद मुळात त्वचेच्या थरांचा होता : वरून सजविते ते प्रसाधन आणि आत जाऊन फरक करते ते औषध, ही सीमारेषा हळदीसारख्या द्रव्याच्या बाबतीत आखणार कशी? हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले एकस्व रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यानंतर १९९७ मध्ये रद्द झाले, हेही येथे नमूद करावयास हवे. परिषदेचा आधार होता तो आपल्याकडील जुन्या लेखी नोंदींचा.

गेल्या चार दशकांत सौंदर्यगृहे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. अनेक स्त्रियांना घरच्या एका खोलीत चालविता येणारा व्यवसाय त्यांतून मिळाला, ही गोष्ट लहान नाही. फेशियलमधील मर्दनाने रक्ताभिसरण तात्पुरते वाढते व चेहऱ्यावरची सूज उतरते; वाफेने शृंगस्तर पाणी शोषून मऊ होतो व छिद्रांत दाटलेला त्वक्‌स्नेह काढणे सोपे जाते. वाफेने छिद्रे उघडतात व गार पाण्याने मिटतात असे सांगितले जाते ते मात्र खरे नव्हे, कारण त्यांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात. छिद्रातील काळा ठिपका म्हणजे मळ नसून हवेशी संयोग पावलेला त्वक्‌स्नेह व त्यातील मेलॅनीन होय. ब्लीच हे त्वचा उजळीत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने चेहऱ्यावरील लव फिकट होते, इतकेच. कोलॅजेन असलेल्या मलमांविषयीही हेच म्हणता येईल. सामान्यतः ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू शृंगस्तरातून आत जात नाहीत; कोलॅजेनचा रेणू सु. ३,००,००० डाल्टनचा असतो. तो पृष्ठभागावर ओलावा धरून ठेवील, अंतस्त्वचेला मिळणार नाही. या उपचारांचा परिणाम थोडे दिवस टिकतो, आणि ते बव्हंशी निरुपद्रवी असण्याचे कारणही तेच.

अडचण निर्माण होते ती वरवरच्या उपचाराकडून खोलवरच्या फळाची अपेक्षा केल्याने, आणि ही अपेक्षा बहुधा गोरेपणाची असते. हिंदुस्थान लिव्हरने १९७५ मध्ये आणलेल्या फेअर अँड लव्हली या मलमाने तिला देशव्यापी बाजारपेठ मिळवून दिली. २०२० मध्ये त्याच्या नावातील गोरेपणा काढून ग्लो अँड लव्हली असे नामांतर करण्यात आले. सावळ्या वर्णाला हीन लेखणाऱ्या जाहिरातींविरुद्ध जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. मोठ्या कंपन्यांच्या या मलमांपेक्षा अधिक घातक ठरली ती दोन प्रकारची मलमे. त्यांपैकी एक स्टेरॉइडयुक्त. खाज व दाह शमविण्यासाठी दिली जाणारी ही औषधे चेहरा आरंभी उजळ करतात. पण काही महिन्यांत त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे व लव वाढते आणि मलम थांबविताच आग होऊ लागल्याने रुग्ण त्यावर अवलंबून राहतो. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अशी चौदा स्टेरॉइडे वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

दुसरा प्रकार पारायुक्त मलमांचा. पारा मेलॅनीन बनविणाऱ्या एंझाइमाची क्रिया रोखतो, त्यामुळे रंग खरोखरच उजळतो. परंतु त्वचेतून तो रक्तात जातो व मूत्रपिंडात साठतो. अकोला येथील एका कुटुंबातील तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे २०२२ मध्ये आढळून आले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शोध घेतला असता स्थानिक प्रसाधिकेकडून घेतलेल्या मलमात पारा मोठ्या प्रमाणात असल्याचे निष्पन्न झाले. केरळमधील वैद्यांनीही २०२१ ते २०२३ या काळातील असेच रुग्ण नोंदविले. औषधिद्रव्यांच्या १९४० च्या अधिनियमात १९६२ च्या सुधारणेने सौंदर्यप्रसाधनांचा अंतर्भाव झाला असून २०२० च्या नियमांनुसार डोळ्यांची प्रसाधने वगळता इतरांत अनवधानाने आलेला पारा दशलक्ष भागांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही. बिनलेबलाच्या डबीला हा नियम लागू आहे, पण ती तपासणीपर्यंत पोहोचत नाही. अशा मलमाने उजळलेला चेहरा आणि मूत्रातून जाऊ लागलेले प्रथिन यांचा संबंध रुग्णाच्या लक्षात येणे कठीण असते. म्हणून अचानक व फार लवकर गोरेपणा देणाऱ्या मलमाबद्दल वैद्याला आपण होऊन सांगणे हिताचे ठरते. गोंदिया येथे २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने दरेकसा-सालेकसा भागातील रुग्णांना त्यासाठी नागपूरपर्यंत जाण्याची गरज बरीच कमी झाली आहे.

त्वचेच्या खोल थरांवर आता लेसर किरणांनीही उपचार होतात. गोंदण काढण्यासाठी १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अत्यल्पकालीन स्पंद वापरतात. ते बाह्यत्वचेतून फारसे शोषले न जाता पार होतात व काजळीचे कण फोडतात. सावळ्या त्वचेत मेलॅनीन अधिक पसरलेले असल्याने कमी तरंगलांबीचे किरण तिला भाजू शकतात. म्हणून या प्रदेशातील स्त्रियांच्या कपाळावरील जुन्या गोंदणासाठी हीच तरंगलांबी योग्य ठरते. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात. फुटलेल्या कणांचा काही भाग भक्षक कोशिका पुन्हा गिळतात व काही भाग लसीका वाहिन्यांतून जवळच्या लसीका ग्रंथींत जाऊन साठतो.